देवापुढची केळी

आत्या,

दवाखान्यात नंबर लावायला मी पुढं चालले. तुमचा लेक तुम्हाला ऑटोत घेऊन येईल.

लिंगपूजा सावकाश करा, पण प्रसाद तोंडात टाकू नका. मागच्या खेपेला ‘प्रसादानं काय होतंय’ म्हणून केळं खाल्लंत अन् पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन पुढं गेलं. भुलीत पोटातलं उलटून फुफ्फुसात जातं म्हणे, मग ते प्रसादाचं का असंना.

म्हणून देवापुढची केळी मी सोबत नेलीत. राग आत्ता काढू नका, राखून ठेवा.

भुलीचे डॉक्टर सारा वेळ उशाशी बसून तुमचा श्वास बघणार हायत. दाराबाहेर मी हायच. जाग आली की नुसतं बघत पडू नका. केळी कुठं नेलीस म्हणून मला चांगलं झापा. म्हणजे मला कळंल, आमच्या आत्या परत आल्या.

तुमची सून,
वर्षाराणी