काकांच्या विमानाचं कार्ड

शिवाजी पार्क, दादर
८ सप्टेंबर २०२५

चि. पुष्करास दुर्गाआत्याचे अ. आ.

गणपती नीट पार पडले, तूही नागपूरला सुखरूप पोचलास. काल फोन केला होतास, त्यातलं मला फक्त हॅलो कळलं. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की कुकरसारखं शिट्ट्या मारतं. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही. मोबाईलवर नुसते अंगठे पाठवलेस तर उत्तर मिळणार नाही, सांगून ठेवते.

आता कामाचं. ह्यांची तब्येत तू पाहून गेलासच. फाल्गुनात अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर बोलणं सुधारलं, पाय सुधारला, पण उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो तो असतोच. प्रिती म्हणून एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. तिने दाबायला दिलेला रबरी चेंडू ह्यांनी कपाटावर फेकलाय. डाव्या हाताने हो! उजव्याने फेकला असता तर मी पेढे वाटले असते. डॉक्टर म्हणतात, हातात जीव आहे, पण वापरला नाही तर राहायचा नाही. हे मुकाट्याने ऐकतात आणि डाव्या हाताने पेपर उलटतात.

गणपतीत तू ह्यांच्या कॉम्प्युटरवर तो विमानाचा नवा खेळ घातलास, त्या दुपारची एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तुम्ही सगळे जेवून आडवे झाला होतात. हे खुर्चीत बसले आणि उजवा हात आपणहून विमान चालवायच्या त्या दांडीवर ठेवला. मी दारातून पाहिलं, देवाशपथ! विमान उडालं झोकात, पण मुंबईवर आलं आणि चित्र अडखळायला लागलं. थांबे काय, उडी मारे काय. ह्यांनी हात काढून घेतला, तो आजतागायत. विचारलं तर म्हणाले, मशीन म्हातारं झालंय माझ्यासारखं.

तर ते मशीन आपण तरुण करायचं. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला, आणि त्याने काढून दाखवलं ते वरवंट्याएवढं धूड. मला मेलीला त्यातलं काय कळतंय? कुठलं घ्यायचं ते तू सांग. पैशाचं माझं मी बघते. मला तो हात पुन्हा दांडीवर बघायचाय, बाकी काही नको. पितृपक्ष लागलाय, घटस्थापनेपर्यंत मी घरात नवं काही आणायची नाही, तेव्हा नीट विचार करून लिही.

दर्शनाला आशीर्वाद. बायकोच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस आणि आत्याला विसरू नकोस.
तुझी
दुर्गाआत्या


नागपूर
१३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यास पुष्करचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. दर्शनाने ते दोनदा वाचलं आणि शब्दाबाहेर न जाण्याचं वाक्य फ्रिजवर चिकटवायचं म्हणतेय. धन्य आहे तुझी.

काकांनी हात दांडीवर ठेवल्याचं वाचून मला फार बरं वाटलं गं, आणि वाईटही. घाईघाईत नवा खेळ जुन्या कार्डावर घालून मोकळा झालो तो मीच. ते कार्ड केव्हाचं आहे ते मलाही आठवत नाही. त्याची मेमरी चार जीबी. खाली समुद्र नि शेतं असतात तोवर ते निभावतं. मुंबई आली की एवढ्या इमारती, एवढ्या खिडक्या ते ठेवणार कुठे? आपल्या लालबागच्या जुन्या खोलीत गावचे पाहुणे उतरायचे, तेव्हा व्हायची तशी त्याची गत होते.

तेव्हा ऐक. ते वरवंट्याएवढं घेऊ नकोस. काकांचा पडदा साधा चोवीस इंची आहे, त्याला तेवढ्या ताकदीची गरजच नाही, उगाच घरात हीटर लावल्यासारखं होईल. अगदी स्वस्तातलंही नको. मधल्या पट्टीतलं एनव्हिडियाचं ५०६० टीआय घे, सोळा जीबीचं. त्याच नावाचं आठ जीबीचंही मिळतं आणि खोका दिसतो जुळ्या भावासारखा. दुकानदार म्हणेल काही फरक पडत नाही. इतर खेळांना कदाचित नसेल पडत, विमानाच्या खेळाला पडतो. खोक्यावर सोळा वाचल्याशिवाय पिशवीत टाकू नकोस. दोन पंख्यांचं बघ, तीन पंख्यांचं लांब असतं. पॉवर सप्लायसुद्धा बदलावा लागेल, जुन्याला हे ओझं झेपायचं नाही. प्रोसेसर मी मागे बदललाय, तो चालेल. कॅबिनेट आतून किती लांब आहे ते मात्र मोजून कळव.

बसवायला माझा शाळासोबती गौतम येईल, माझगावहून. तुझ्या हातचं कोळंबीचं कालवण त्याला अजून आठवतं. नवरात्रात ते जमणार नाही हे मी त्याला बजावलंय.

काकांना नमस्कार. तुझी माया आहे तेवढी पुरेशी आहे, कमी मात्र करू नकोस.
तुझा
पुष्कर


शिवाजी पार्क
१८ सप्टेंबर २०२५

चि. पुष्करास अ. आ.

शिवणाच्या टेपने आतून मोजलं, साडेबारा इंच भरलं. मी टेप घेऊन कॅबिनेटमध्ये डोकं घातलेलं ह्यांनी पाहिलं आणि त्याला ब्लाउज शिवतेस का म्हणून विचारलं. कित्येक महिन्यांनी माणसाने माझी चेष्टा केली रे! मी इतकी हसले की खरं काय ते सांगून बसले. हे म्हणाले, या वयात कशाला खर्च. मी म्हटलं, मग काय पुढच्या जन्मी? संध्याकाळी मात्र दोन पंखे पुरतील ना, असं हळूच विचारून गेले.

घटस्थापनेला दुकानात जाते. सोळा, सोळा, सोळा. पाठ झालंय. गौतमला म्हणावं, थालीपीठ मिळेल.
तुझी
आत्या


शिवाजी पार्क
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्करास अ. आ.

सण आहे, पण मला गोडाचा घास गेला नाही. आधी चांगलं सांगते. कार्ड आणलं, सोळाचंच. गौतमने सुरेख बसवलं, जुन्या वायरी बांधून दिल्या आणि थालीपिठं खाऊन गेला. चित्र लोण्यासारखं सरकतं. ह्यांनी मला चौपाटीच्या दिव्यांचा राणीचा हार दाखवला, हाजीअली दाखवली, आपलं मैदानसुद्धा ओळखू आलं. पण पुष्कर, दांडीवर डावा हात. उजवा मांडीवरच. मी काही बोलले नाही, प्रितीलाही बोलू दिलं नाही. रोज संध्याकाळी हे हसऱ्या तोंडाने बसायचे, म्हटलं हेही नसे थोडके.

काल खंडेनवमी. आपल्या आबांनी गिरणीत मागाची पूजा कधी चुकवली नाही, मागाला हार घालून मगच घरी यायचे. मी त्यांचीच लेक. शिवणाचं मशीन पुजलं, मिक्सर पुजला, आणि ज्याने घरात हसू आणलं त्याला कसं सोडू? कॅबिनेट पाटावर आडवं ठेवलं, बाजूच्या जाळीवर स्वस्तिक काढलं, झेंडू वाहिला, आणि ओंजळभर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. मनात मागणं मागितलं ते तुला ठाऊक आहेच. जाळी असते, जाळीला भोकं असतात, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. उभं करून सुरू केलं तर आत खडखडाट, आणि थोड्या वेळाने पडदा काळा! हे एवढंच म्हणाले, असू दे गं. ते असू दे मला फार लागलं.

गौतम दीक्षाभूमीला म्हणून तुमच्या नागपूरलाच गेलाय, त्याला इथे कुठून आणू? दुरुस्तीची दुकानं आज बंद. त्यांचं एवढं एक सुख होतं, तेही माझ्या हाताने घालवलं बघ. गौतमला विचारून काय करायचं ते लगेच कळव. आज बाकी काही सुचत नाही.
तुझी
आत्या


शिवाजी पार्क
५ ऑक्टोबर २०२५

चि. पुष्कर यास गंगाधरकाकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या आत्याने दसऱ्याला जे रडगाणं पोस्टात टाकलं ते रद्द समजावे. मशीन चालू आहे. कार्डाची निवड उत्तम. परवा दाट ढगांतून उतरलो तरी चित्र जागचं हललं नाही. गौतमला परतल्यावर जेवायला बोलावलंय, आता कालवणाला हरकत नाही.

झालं ते असं. दसऱ्याला ती पत्र टाकून आली आणि ओट्यापाशी उभी राहून रडत होती. तिला वाटतं तिला ऐकू येत नाही म्हणजे आम्हालाही येत नाही. एवढ्या वर्षांत तिला असं रडताना मी बघितलं नव्हतं, माझ्या आजारपणातसुद्धा नाही. मला ते सहन होईना. मी वायर काढली, कॅबिनेट उघडलं, कार्ड बाहेर घेतलं. पंख्याच्या पात्यांत तांदूळ गच्च अडकले होते, कुंकवाने चिकटलेले. एकेक चिमटीत धरून काढत बसलो. मनात एकच, की हे हिच्या डोळ्यांसमोर पुन्हा सुरू झालं पाहिजे.

पुष्कळ निघाले तेव्हा ती चहा घेऊन आली आणि कप धरून नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, न विचारता उघडलं म्हणून चिडली. मग बघितलं, ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. कार्ड डाव्या हातात होतं. तांदूळ उजव्याने काढत होतो.

तुला खरं सांगतो, तो चेंडू मी आळसाने फेकला नव्हता. मला भीती वाटायची रे. दाबायला गेलो आणि हात नाहीच हलला तर काय, म्हणून मी दाबतच नव्हतो. त्या दिवशी हलतो की नाही हे बघायचं राहूनच गेलं. प्रितीला दाखवलं तर तिने टाळ्या वाजवल्या आणि वर दुप्पट व्यायाम दिला. कपाटावरचा चेंडू खाली आलाय. दांडी सध्या उजव्या हाती, विमान जरा डोलतं. आत्या शेजारी बसून कमरेचा पट्टा मागते.

दर्शनासह दिवाळीला या, दोघांनाही फिरवून आणतो. तोवर आमच्यावरचा जीव असाच राहू द्या.

हे पत्र त्याच हाताने लिहिलंय, दोन दिवस लागले. अक्षर लागलं नाही तर आत्याला विचार. लिहीत होतो तेव्हा ती प्रत्येक शब्द वाकून बघत होती.

तुझा
गंगाधरकाका