कोरे रकाने

डोंबिवली (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९९९

प्रिय नाथा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. समोर असतास तर दुसरंच काहीतरी ऐकलं असतंस. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. चार महिने तुझं एक कार्ड नाही. मी तीन पत्रं टाकली. तुझ्या शेजारच्या धाकूच्या फोनवर एवढे निरोप ठेवले की त्याची बायको आता माझा आवाज ओळखून ‘नाथा नाय’ म्हणते आणि फोन ठेवते. लेकीचं लग्न जमवायला कोणी एवढ्या खेपा घालत नाही, आणि मी कशासाठी घालतोय, तर एक माणूस दिवसातून किती वेळा संडासला जातो हे त्यानं मला कळवावं म्हणून. काय नशीब काढलंय मी.

तुला सगळं माहीत आहे. तरी परत सांगतो, कारण तू माहीत नसल्यासारखाच वागतोयस. २६ तारखेच्या शुक्रवारी डॉक्टर कारखानीसबाई आपल्या रजिस्टरवरून यादी नक्की करणार. ते नवीन इंजेक्शन तिघांपुरतंच येतंय. आपल्या गोळ्यांसारखं नाही ते. जिवंत पेशींपासून बनवलेलं, थंडीत जपून आणायचं, सलाईनमधून तासन्तास द्यायचं. आणि ते घेतल्यावर माणसाचं काय होतं हे वर्षभर, दर आठवड्याला लिहून कळवायचं, बरं वाटलं तरी आणि बिघडलं तरी. औषध नवं, पुढे काय करेल ते कोणालाच माहीत नाही, म्हणून ही नोंद. म्हणूनच ज्याचे चार महिने सलग कोरे, त्याला ते देत नाहीत. त्याच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारायचा आणि जागा पुढच्याला द्यायची. शेरा कोण मारणार? मी. माझ्या पेनानं, माझ्या अक्षरात. यादीत तिसरं नाव तुझं आहे, आणि त्यापुढचे चार रकाने कोरे आहेत.

अकरा वर्षं झाली रे आपल्याला. अठ्ठ्याऐंशी साल, माजिवड्याचं हॉस्पिटल, ओपीडीबाहेर एकच संडास. मी दारावर थापा मारतोय, आणि आतून तू शांतपणे सांगतोयस की बाबा, घाई मलाही होती. तोवर मला वाटायचं की सबंध ठाणे जिल्ह्यात हा रोग मला एकट्यालाच झालाय. टीबी समजून मला दीड वर्षं गोळ्या चारलेल्या, तुला नऊ महिने. बाईंनी आतड्याच्या या रोगाला पहिल्यांदा ‘क्रोन्स’ म्हटलं तेव्हा आपण दोघांनी ते नाव कागदावर लिहून मागितलं, घरी सांगता यावं म्हणून. सांगून काय उजेड पडला? माझ्या मामीनं सरोजला बजावलं की नवऱ्याचं बाहेरचं खाणं बंद कर. आणि तुझ्या मालूच्या लग्नात, स्टेरॉइडनं सुजलेलं तुझं तोंड बघून, व्याही शेवंतीला म्हणाले की नवऱ्याला चांगलं खायला-प्यायला घालतेस हो. हे मला सांगताना तू हसत होतास. मला तेव्हाही रागच आलेला.

मग बाईंनी रजिस्टर काढलं आणि अक्षर बरं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून तू मला हेडक्लार्क म्हणतोस. दर शनिवारी माजिवडा गाठायचं आणि त्रेसष्ट पेशंटांची कार्डं बसून उतरवायची. लोकांची एकेक तऱ्हा काय सांगू तुला. आपली माणसं दुखण्याबद्दल तासभर बोलतील, पण आकडा विचारला की यांच्या घराण्याची अब्रू जाते. विठ्ठलवाडीच्या एक रिटायर्ड हेडमास्तरीणबाई ‘दिवसातून किती वेळा’ यापुढे ‘मध्यम’ असं लिहितात. मानपाड्याचे एक गृहस्थ दर महिन्याला ‘आपल्या आशीर्वादाने ठीक’ लिहायचे, आणि नंतर कळलं की त्याच महिन्यात त्यांना रक्ताच्या दोन बाटल्या चढवलेल्या. का, तर डॉक्टरांना वाईट वाटू नये. अहो, डॉक्टरांना वाईट वाटायलाच हवंय, त्यासाठीच तर कार्ड छापलंय. आणि या सगळ्यात तुझं कार्ड. वाकडं अक्षर, ओलं होऊन वाळलेलं, पण रोजचा आकडा खरा. होडीवर गेलास तर तिथलाही. रक्त पडलं तर पडलं, नाही तर नाही. बाई म्हणतात की नाथाच्या कार्डावरून मला कळतं गोळ्या कधी वाढवायच्या. दहा वर्षांच्या अशा नोंदी दाखवल्या तेव्हा कुठे बाहेरचे लोक हे इंजेक्शन आपल्याकडे पाठवायला कबूल झाले. आणि आता तोंडात गुळणी धरून कोण बसलंय, तर तूच.

जुलैत मी म्हटलं, पावसानं टपाल अडकलं असेल. ऑगस्टात म्हटलं, नारळी पुनवेची गडबड. सप्टेंबरात वाटलं की घाबरलास, सलाईन लावून तासन्तास पडून राहायचं तुझ्या जिवावर येतंय. ऑक्टोबरात मला वाटलं की तू मेलास. हो, स्पष्ट लिहितो. धाकूची बायको पहिल्यांदा ‘नाथा नाय’ म्हणाली तेव्हा ऑफिसात फोन कानाला लावून मी नुसता उभा राहिलो. मग ती म्हणाली की बाजारात गेलाय. तेव्हा जी चीड आली ती अजून उतरलेली नाही. माझी खुशाली विचारायचं तुला सुचलेलं नाही, तरी सांगतो. मुलगी बी.कॉम.ला आहे. सरोज बरी आहे. मी ठीक. ठीक म्हणजे दिवसाला आठ, आणि वजन एकोणपन्नास. ऑफिसात साहेबांनी माझं टेबल संडासाशेजारी हलवून दिलं, त्याचेही आभार मानायला लागले. सर्जननी जानेवारीची तारीख दिलीय, आतड्याचा आणखी एक तुकडा काढायचा म्हणतात. आधीच एकदा काढलाय, आता किती उरणार कोण जाणे. सरोज त्यावर भांडी आपटते.

शेवटी परवाच्या रविवारी मी कोळीवाड्यात आलो. ठाणे स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत मला दोनदा थांबावं लागलं, कशासाठी ते तुला सांगायला नको. मी येतोय हे तुला कोणी कळवलं माहीत नाही, पण तू खाडीवर गेलेलास. शेवंतीनं चहा टाकला. तुझ्याबद्दल विचारलं. तिनं फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत चार कार्डं. जुलै ते ऑक्टोबर, एकही दिवस न चुकता भरलेली, वर बाईंचा पत्ता घातलेला. रोज भरतो पण टाकीत नाय, मला पण हात लावू देत नाय, असं म्हणाली ती, आणि मग रडायला लागली. मी तिथेच वाचली. ऑक्टोबरात अकरा, बारा, एक दिवस चौदा. रक्त रोज. वजन त्रेचाळीस. त्रेचाळीस किलोचा माणूस होडी वल्हवतो कसा, हे मला कळत नाही. तुझ्या बायकोसमोर तुला दोन शिव्या घातल्या. तिनं काही मनाला लावून घेतलं नाही.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता, नाथा. जून महिन्यात बाईंनी आपल्याला आत बोलावून यादी वाचून दाखवली. तिसरा तू, आणि तुझ्यानंतर चौथा मी. बाहेर आल्यावर माझं पुढचं ऑपरेशन ठरतंय का ते तू विचारलंस, मुलीचं किती शिक्षण राहिलंय ते विचारलंस, आणि त्या दिवसानंतर तुझं कार्ड आलं नाही. मोठा दानशूर लागून गेलास. माझ्याच हातानं तुझ्या नावापुढे शेरा मारून घ्यायचा आणि मला तुझी जागा द्यायची, असा बेत ना? मला विचारलंस? आणि मी फार सज्जन आहे असं समजू नकोस. ती कार्डं रविवारपासून चार दिवस माझ्या पिशवीत होती. मला ते इंजेक्शन हवंय. सरोजच्या तोंडाकडे बघितलं की आणखीच हवंसं वाटतं. मी ती कार्डं तशीच ठेवली असती तर बाईंना पत्ता लागला नसता, तूही बोलला नसतास. ते चार दिवस माझे कसे गेले त्याबद्दल मी तुला कधीच माफ करणार नाही. आज रजा टाकून माजिवड्याला गेलो आणि एकशे तेवीस दिवसांचे तुझे आकडे रजिस्टरमध्ये उतरवले. बाईंनी शेजारी बसून ताडून पाहिले. आता फक्त तुला तपासायचं राहिलंय. सव्वीसच्या शुक्रवारी सकाळी नऊला माजिवड्याला ये. नाही आलास तर जागा पुढच्याला जाईल, पण तो पुढचा मी नसेन, कारण या खेपेच्या यादीतून माझं नाव काढावं असं मी आज बाईंना लिहून दिलंय, खाली सही करून. त्यामुळे घरी बसून माझं काडीचंही भलं होणार नाही. सरोजला हे अजून सांगितलेलं नाही. तू सलाईनसाठी दाखल झालास की मगच सांगेन म्हणतो. तू आला नाहीस, तर तिला काय सांगू ते तूच मला कळव.

तुझाच, पण राग अजून न गेलेला,
हरिहर