आमच्या शाळेत सगळेच पुढारी

न्चेऊ, गुरुवार

आदरणीय मन्योझो मामांस, भाचा लिंबानी कचाले याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. तुमचा दुखरा गुडघा आता बरा असेल. मामी, मका आणि शेळ्या खुशाल असाव्यात. मीही ठीक आहे, म्हणजे पुढारी झालो आहे.

त्याचं असं झालं, की आमच्या मुख्याध्यापिका नाबांडाबाई राजधानीला, लिलाँग्वेला जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. (जाताना बऱ्या होत्या.) आल्या आल्या त्यांनी आम्हा नऊही शिक्षकांना आंब्याखाली बसवलं आणि सांगितलं, की चांगला मुख्याध्यापक स्वतः हुकूम सोडत नाही, तो शिक्षकांमधलं नेतृत्व जागवतो. मग खातेवाटप झालं. फिरीसर घंटाप्रमुख, चिसालेबाई लापशीप्रमुख आणि मी निर्णयप्रमुख. (मला डुलकी लागली होती. मान खाली गेली, ती बाईंना होकारार्थी वाटली.)

दुसऱ्या दिवशी घंटाच झाली नाही. फिरीसर म्हणाले, "मी प्रमुख आहे. वाजवायला माणूस नको का?" चिसालेबाईंचंही लापशीबाबत तेच मत. असे आम्ही नऊ प्रमुख, आणि हाताखाली माणूस एकच उरला, तो म्हणजे नाबांडाबाई. घंटा त्या द्यायच्या, चूल त्या पेटवायच्या, आणि मला येऊन विचारायच्या, "कचालेसर, मीठ घालू का?" मी विचार करून सांगेपर्यंत लापशी करपलेली असायची.

परवा अचानक तपासणीस आले. चुलीपाशी धुरात डोळे पुसत बसलेल्या बाईंना त्यांनी विचारलं, "मुख्याध्यापक कुठायत?" बाई म्हणाल्या, "निर्णय कचालेसर घेतात. मी ढवळतेय."

साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मामा. मागे चौथीची एकशे दहा मुलं खिडक्यांतून आतबाहेर करत होती. (त्यांच्या बाई हल्ली शिस्तप्रमुख असल्यामुळे वर्गावर जात नाहीत.) माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं आलात साहेब. चौथीचे अपूर्णांक तुम्ही घ्या." वर खडूही हातात दिला.

नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो. पण साहेब खडू घेऊन वर्गात शिरले. वीस वर्षांत त्यांना कुणी शिकवू दिलं नव्हतं म्हणे. दुपारी बाहेर आले तेव्हा सदरा खडूने पांढरा झाला होता आणि मुलं त्यांना सोडत नव्हती. शेरेवहीत त्यांनी लिहिलं : 'येथील शिक्षकांत नेतृत्व आढळले. मुख्याध्यापिका आढळल्या नाहीत.'

नाबांडाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग हातातला डाव खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे जमलं की मला."

एवढं लिहिण्याचं कारण, पुढारीपण आपल्या घराण्याला मानवणारं नाही. मला माझी तिसरी आणि तिचे पाढे पुरेत. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा,
लिंबानी

ता. क. : बलाका गावातल्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा निघाली आहे. मी अर्ज केला आहे. मुलाखत सोमवारी आहे, तरी तुमचा करडा कोट ताबडतोब पाठवावा.

आणखी एक : हे नाबांडाबाईंच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांनीही त्याच जागेसाठी अर्ज केला आहे. माझा अर्ज त्यांनीच मोठ्या मायेने तपासून दिला. जागा कुठली, तेवढी ओळ मी मागाहून भरली.