आबांचा ‘हॅड’

७ जानेवारी १९१३, लोणावळे
शाळा सुटली तर व्हरांड्यात एक म्हातारा बसलेला. राणोजी, औंढे गावापलीकडल्या वाडीचा. सगळे आबा म्हणतात. इंग्रजी शिकायचंय म्हणे. मी म्हटलं, नातवाला पाठवा. "नातू न्हाई, मीच शिकनार." तीही सगळी नको, फक्त मागं घडून गेलेलं सांगता यावं एवढीच. शिकवणीबद्दल वालाच्या शेंगांचं गाठोडं. साठी बुद्धी नाठी म्हणावं तर डोळे भलतेच शाबूत. काहीतरी डाव आहे. तरी हो म्हटलं. शेंगा चांगल्या होत्या.

९ जाने.
पहिला धडा. गेलो होतो म्हणजे हॅड गॉन. आबा म्हणाले, "गेलतो म्हंजे हॅड गॉन. बरं, म्होरं?" माझ्या पाचव्या इयत्तेला हे अजून उमगलेलं नाही. मग क्रियापदामागची शेपटं: टु, फॉर, ऑन. तिथं मात्र गडबड. आबांची म्हैस ‘हॅड गॉन फॉर ओढा’ होते. हसलो तर तेही हसले.
धडा व्हरांड्यातच हवा, आमच्या घरी यायला तयार नाहीत. का?

१२ जाने., रविवार
रोजच्या बोलण्यातली वाक्यं शिकणाऱ्यानंच द्यावीत, हा माझा नियम. आबांनी दिलेली: माझा बाप या जमिनीवर राहिलेला. आम्ही वरची पट्टी मागितली होती. आम्ही कबूल झालो नव्हतो. हॅड लिव्ह्ड ऑन, हॅड आस्क्ड फॉर, हॅड नॉट अग्रीड टु. बाजार, बैल, टांगा, काही नाही. ही कोणाची रोजची वाक्यं?
कळायला वेळ लागला नाही. धरणात त्यांच्या वाडीची जमीन जायची आहे, चौकशीसाठी गोऱ्या साहेबाचा तंबू पडलाय. आणि त्या तंबूत दुभाषी कोण, तर आमचे वामनराव. अक्काचे यजमान. ज्यांच्या घरी मी राहतो, ज्यांच्या शब्दावर मला ही नोकरी लागली.
म्हाताऱ्याला हे नातं ठाऊक आहे की नाही? असेल तर वाईट. नसेल तर त्याहून वाईट.

१५ जाने.
संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आले. मग अजब प्रकार. मराठीत लांबलचक बोलले: वरची पट्टी पाण्याखाली जात नाही, तिथं वाडीची घरं उठवता येतील, तेवढी सोडा, बाकीची न्या. मला म्हणाले, इंग्रजीत करा. केलं. डोळे मिटून ऐकत होते.
"तुमचं बी माज्याएवढंच लांब झालं की."
होणारच, म्हटलं.
"तंबूत मी चिलीम सरंस्तोवर बोललो, मास्तर. दुभाष्यानं एका दमात आटपलं. सायबानं मान हलवली."
शब्द काही आठवतात का विचारलं. ‘अग्रीड टु’ एवढं कानात राहिलंय म्हणाले. त्याआधी ‘नॉट’ होता का?
"त्येच तर ऐकाया शिकतोय."
जाताना म्हणाले, गोड बोला.

१६ जाने.
जेवताना वामनरावांना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाले, "त्या लोकांचं पाल्हाळ साहेबाला कुठं ऐकवत बसू? मथितार्थ सांगतो." चौकशी होळीच्या आत उरकली की पुण्याची जागा पक्की. अक्काने पुण्यातलं बिऱ्हाड मनात मांडूनसुद्धा ठेवलंय. वाढताना तेच बोलत होती.
मथितार्थ म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.
दुसरीही शंका येते. कचेरीतला एक कारकून वामनरावांच्या जागेवर टपलेला आहे. त्यानेच ‘अग्रीड’ पढवून म्हाताऱ्याला माझ्या गळ्यात बांधलं नसेल कशावरून? आता मला दोघांचंही खरं वाटत नाही. माझंही नाही.

१९ जाने., रविवार
फिरायला म्हणून निघालो आणि वाडीवर जाऊन आलो. पट्टी खरी आहे. उंचावर, खळं आहे, करंजाची चार झाडं. मोजणीच्या खुंट्या मात्र तिच्याही वर ठोकलेल्या. म्हणजे सगळंच जाणार, घर बांधायला वावभर जागा राहत नाही. खुंटीला हात लावून पाहिला, पक्की बसलीय.
आबा ओढ्यापर्यंत सोडायला आले. शेवटी विचारलंच, वामनराव माझे कोण ते ठाऊक आहे का.
"पयल्या दिसापास्नं. म्हनून तर तुमच्याकडं आलो. दुसरा मास्तर म्हनला असता, दुभाषी लबाड हाय, तर मी म्हनलो असतो, ह्येचं वैर असंल. तुमी त्येचं मीठ खाता. तुमी म्हनलात तर ते खरंच."
संतापलो. माणूस हेरून गळ टाकला की यानं! दर्शन घ्यायला आल्यासारखा व्हरांड्यात बसला, आणि मी शेंगा खाल्ल्या. वाटभर चडफडत आलो. पण त्यात खोटं काय, ते सापडलं नाही.

२१ जाने.
उद्या वाडीची शेवटची सुनावणी. आबांनी या म्हटलेलं नाही, नको म्हटलेलं नाही. अक्काला बाजारात कोणीतरी सांगितलं, तुमचा भाऊ वाडीवाल्यांना शिकवतो. भाकरी थापता थापता म्हणाली, "बाळू, उद्या शाळा आहे ना तुझी?" आहे म्हटलं. "मग झालं." भाकरी करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

२२ जाने.
शाळेत चिठ्ठी देऊन गेलो. तंबूच्या कनातीजवळ उभा राहिलो. आबा बोलले, सगळं, पट्टी, खळं, बाप. वामनराव उठले आणि इंग्रजीत म्हणाले, तेच जुनं गाऱ्हाणं आहे. एवढंच. साहेबाने लेखणी उचलली.
तेवढ्यात आबा स्वतःच: "वुई हॅड नॉट अग्रीड टु. वुई हॅड आस्क्ड फॉर..." आणि अडकले. पट्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते मी शिकवलंच नव्हतं. हात वर करून डोंगराकडं दाखवत राहिले.
साहेबाने लेखणी ठेवली. म्हणाला, याला इंग्रजी कोणी शिकवली? वामनरावांनी तेच मराठीत विचारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मीच पुढं झालो.
साहेबाने सुनावणी उद्यावर टाकली. उद्या दुभाषी मी.
संध्याकाळी वामनराव अंगणात थांबले होते. "सगळं सांगणार त्याचं?"
"तो बोलेल तेवढं."
"मागच्या खेपेला तो काय बोलला होता, असं साहेबाने विचारलं तर?"
मी तिथं नव्हतो, म्हटलं.
"मी होतो," म्हणाले आणि आत गेले. यात धमकी होती की कबुली, अजून ठरवता येत नाही.
माझी ट्रंक ओसरीवर आणून ठेवलेली आहे. आतल्या घड्या अक्काच्या हातच्या. झाकणावर उद्या नेसायचं धोतर आणि उपरणं, धुऊन, वेगळं काढून ठेवलेलं. ट्रंक कोणी बाहेर काढायला सांगितली, विचारलं नाही. उपरणं कोणी धुतलं, ते विचारायची गरज नाही.