हाताची ओल

१२ नोव्हेंबर १९६७, सालवड
बोईसरला उतरलो तर पुंडलिकदादा स्वतः न्यायला हजर! गावचा माणूस, नोकरीच्या शब्दाला जागला. ते कारभार पाहतात त्या भातगिरणीत नवं यंत्र आलंय. दोन कर्णे समोरासमोर, मधून सूक्ष्मलहरी जातात आणि पोतं न फोडता भातात ओल किती, ते काटा सांगतो. चौदा टक्क्यांवर आला की भात वाळलं, पोतं शिवायचं. माझ्याआधी इथे होता तो मारुती, आमच्याच आळीतला. तो तारापूरच्या बांधकामावर लागला म्हणे. आईला आणि धाकट्या भिवाला आजच कार्ड टाकलं.

१४ नोव्हेंबर
काटा नीट हलतो का, हे बघायला दादा रोज सकाळी आधी माझा हात कर्ण्यांमध्ये ठेवायला लावतात. चौसष्ट आला. माणूस म्हणजे पाण्याची घागरच, चंद्रभान, असं म्हणून दादांनी आकडा टिपला. खळ्यावर भात वाळवणारी बायडी मात्र पाठ फिरवून बसली. यंत्राला भीत असेल बिचारी.

२३ नोव्हेंबर
हात एक्कावन्न. यंत्र बिघडलं म्हणावं, तर केळीचा गाभा ठेवून पाहिला. नव्वद. परवाही नव्वदच होता. तहान जात नाही, घाम येत नाही. आज हात तुम्ही ठेवा, असं दादांना म्हटलं. त्यांनी हात खिशात घातले. म्हणाले, आधी माणूस पाजल्याशिवाय हा काटा चालत नाही. थट्टा समजून सोडून दिलं.

१ डिसेंबर
तेहतीस. सुई टोचून पाहिली, रक्त नाही. बायडी जवळ येऊन पुटपुटली, "सायेब, आता हात नको ठेवू. त्या मारुतीचा हात पन असाच वाजायचा, वाळल्या पेंढ्यावानी."

४ डिसेंबर
दादांची वही सापडली. मारुतीचे आकडे. बासष्ट — चाळीस — वीस — चौदा. पुढे कोरं. कसलं तारापूर! ज्याला थोरला भाऊ मानलं, त्यानेच केसाने गळा कापला. पळावं तर पाय काटक्यांसारखे करकरतात —

६ डिसेंबर
मी हात ठेवला नाही. दादांनी धरून ठेवला. सोळा. डोळे जळतात, पण रडू येत नाही.

७ डिसेंबर
चौदा.
टेबलावर आईच्या नावाचं कार्ड. दादांचं अक्षर. चंद्रभान तारापूरला लागला, आता धाकट्याला पाठवा —
दादा आत आलेत. हातात दाभण, सुतळी —
आई, भिवाला पाठवू न