मामाच्या अभ्यासातली भाची

वडगाव, बेळगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. कुमार यास आक्काचा आशीर्वाद.

आम्ही सगळी खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तुझं निम्मं कळत न्हाय, आणि मी बोलले की गल्लीला वाटतं भांडण लागलंय. म्हणून कागद घेतला.

लगीनसराई आहे, माग दिवसभर चालू असतात. तुझ्या दाजींचा खोकला तसाच. मागाच्या आवाजानं माणसांचे कान कसे जातात, त्या तुझ्या अभ्यासाला बक्षीस मिळालं, त्याचा फोटो बघितला. शाल बरी दिसते अंगावर. भाषणात तू वडगावच्या विणकरांचे आभार मानलेस म्हणं. लई उपकार झाले.

आरोहीचं विचारलंस. रेल्वेची लेखी परीक्षा पास झाली तेव्हा गल्लीभर पेढे वाटलते. लोंढ्याला नेमणूक मिळाली तर घरनं जाऊन-येऊन करीन म्हणत होती. हुबळीला मेडिकलला मीच संगं गेलते. कानाला मशीन लावलं तशी पोरगी हसली. "आई, हे तर मामाचंच मशीन गं!" तुझ्यासाठी इतक्यांदा बसली होती, तिला कसली भीती! मी काचेतनं बघत होते. जाड्या आवाजांना ती बोट वर करत गेली. बारीक आवाजांची पाळी आली, तेव्हा आवाज कधी सुरू होतोय म्हणून ती वाट बघत बसली, आणि डॉक्टरनं मशीन बंद केलं.

नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी ती परत मागावर उभी राहिली.

आता तुझं सांगते. शेजारच्या मारुतीरावांच्या शेडमध्ये तू अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी कानात घालायचे रबरी बोळे वाटलेस. आमच्या शेडला न्हाय दिलेस. विचारलं तर म्हणालास, "आक्का, एका शेडला द्यायचे आणि एकीला न्हाय, तरच फरक कळतो. आणि घरच्यांनाच दिले असं कुणी म्हणायला नको." मला वाटलं, भाऊ किती सरळ माझा! चार बायकांत मीच मिरवलं. बाजारात बोळे मिळत होते रं, मी आणले असते. "नको आक्का, अभ्यास बिघडंल," म्हणालास, म्हणून न्हाय आणले.

तेही गिळलं असतं. पण मेडिकलनंतर फोनवर तू काय बोललास? पोरीचे कान जातायत हे तुला गेल्या वर्षीच दिसलतं. "मधेच सांगितलं असतं तर तुम्ही तिला शेडमधनं काढलं असतं." व्हय रं, काढलं असतं! आई आहे मी तिची. तू मामा होतास, आणि दर वेळी तपासून झालं की तिच्या पाठीवर थाप मारून "झकास" म्हणत होतास.

दाजी म्हणतात, जाऊ दे, पाठचा भाऊ आहे. त्यांना जाऊ देता येतं, मला न्हाय. तुझ्याविषयी माझ्या मनात जे येतं ते सगळं लिहिलं, तर पोस्टमन हे पाकीट हातात धरणार न्हाय.

आता बारशाचं. तुझ्या बायकोचा, पूर्णिमाचा, फोन आलता. लेक झाली, गोड असंल. म्हैसूरचं तिकीट काढते म्हणाली, आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? बाळाला आत्या मी एकटीच. आरोही पण मागं लागलीय, "आई, जा गं. बाळाचा काय दोष?"

बाळाचा दोष न्हाय. माझ्या पोरीचा तरी काय होता?

मी येणार न्हाय. नाव कुणाकडनंही सांगून घे, पाळणा कुणालाही हलवू दे. लोकांनी विचारलं तर आत्या मेली म्हण. पण तुझी लेक मोठी होऊन विचारंल, आत्या का आली न्हाय, तेव्हा खरं काय ते तिला तुझ्याच तोंडानं सांग. आणि आजपासनं मला आक्का म्हणून हाक मारू नको.

आरोहीची आई,
यशोदा