माझे घर बंबवाल्यांनीच जाळावे

मी, लेम्पी सारेला, दिवंगत रेनो सारेला यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार टॅमरॅक फोर्क, उत्तर मिनेसोटा, धंदा पूर्वी शाळेत स्वयंपाकीण आणि एकोणतीस वर्षे गावच्या आगीच्या बंबावर बिनपगारी पंपचालक, आज रोजी लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट, हा कागद वाचून दुसऱ्या काही जणांवर दडपण यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात मी फारच गोड बोलले होते.

कलम १. हा कागद माझ्या मरणाची वाट पाहत कपाटात बसणार नाही. येत्या मंगळवारी, १५ ऑक्टोबरला, आमचा बंबखाना बंद करायचा की ठेवायचा यावर कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळाचे मतदान आहे. त्या सभेत मी हा उभी राहून वाचणार आहे. मंगळवारच्या आत मेले, तर ब्रिटा हुहताला हिने वाचावा. ब्रिटा ही आमच्या स्वयंसेवकांची सध्याची प्रमुख. तिचा आवाज भोंग्यासारखा आहे, तेव्हा माइक लागणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे.

कलम २. बंबखान्याची जागा आणि तळे. चतुःसीमा अशी: पूर्वेस तळे, तळ्यासुद्धा, पश्चिमेस कौंटीचा रस्ता, दक्षिणेस माझे राहते घर, उत्तरेस कौंटी मंडळाचे अध्यक्ष श्री. ड्वाइट स्टेनस्रूड यांची उन्हाळी केबिन. ही जमीन कौंटीची आहे असा मंडळाचा समज दिसतो. बंबखाना हलवल्यावर ती तळ्याकाठचे प्लॉट म्हणून विकायची, असा नकाशासुद्धा त्यांनी काढला आहे. नकाशा सुबक आहे. पण १९५८ साली माझ्या नवऱ्याने बंबासाठी जागा दिली ती तोंडी. कागद कधी झालाच नाही. जमीन आजही माझ्या नावावर आहे, उतारा सोबत जोडला आहे.

सदर जमीन व तळे मी टॅमरॅक फोर्कच्या लोकांना देते, ते पुढील अटीवर. भोंगा वाजला की याच बंबखान्यातून, इथल्याच माणसांनी चालवलेला बंब बाहेर पडला पाहिजे. ज्या दिवशी हे थांबेल, त्या दिवशी ही सर्व जमीन श्री. आर्वो निस्कानेन यांच्या मालकीची होईल. आर्वो डुकरे पाळतो. सध्या त्याच्याकडे दोनशे आहेत आणि त्याला जागा कमी पडते. त्याला मी विचारले, तर म्हणाला, "लेम्पी, वारा उत्तरेकडं वाहतो ना गं तिथं?" मी म्हटले, "उन्हाळाभर."

कलम ३. मंडळाचे म्हणणे असे की यापुढे बंब शहरातून येईल, पगारी माणसांसह. शहर एकतीस मैलांवर आहे आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याहून वेगळे काही मला या योजनेत दिसत नाही. आमच्याकडे दर शनिवारी दुपारी घरोघर सौना तापते. लाकडी खोली, दगडांवर पाणी, घामाने निथळणारी माणसे. अर्ध्या आगी त्या सौनांच्या असतात. शहरातला बंब येईपर्यंत सौना जाईल, तिच्याशेजारचे घर जाईल, आणि माणूस टॉवेल गुंडाळून उणे तिसात उभा राहील.

कलम ४. आता ज्या गोष्टीसाठी मी हा कागद लिहायला घेतला ती.

गेल्या महिन्याच्या सभेत श्री. स्टेनस्रूड यांनी आमचा जुना बोर्ड मागवला. प्रत्येक आगीनंतर पंप कोरडा केला की त्याची जबाबदारी घेणाऱ्याचे नाव त्यावर लिहितात. त्यांनी १९८३ ची ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "ही बघा तुमची गावकी. पंपातलं पाणी काढायचं विसरले, पंप गोठून फुटला, दोन दिवसांनी एकाचं घर डोळ्यांदेखत जळालं. असल्या माणसांच्या भरवशावर कौंटी चालत नसते." बोर्डावरचे नाव तोइवो मॅकेला. तोइवो मागच्या रांगेत बसला होता, वय त्र्याऐंशी. त्याने टोपी उचलली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेला. मी बसून राहिले. छत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा मी बसून राहिले. तिसरी वेळ येणार नाही.

तरी लिहून देते की पंप माझ्या हातून फुटला.

तो शनिवार होता, १५ जानेवारी १९८३. हुहतालांच्या सौनेला आग लागली. आम्ही तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून पाणी ओढले आणि पाऊण तासात आग विझवली. आमच्याकडे रीत आहे: ज्याच्याकडची आग विझते, त्याने सगळ्यांना कॉफी द्यायची. ती नाकारणे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणे. हुहतालांच्या म्हातारीने दारातून हाक मारली, "लेम्पी, ये की आत, वेलदोड्याचा पाव गरम आहे." पंपचालकाने आधी पंपाखालची तोटी उघडून पाणी काढायचे, मग कॉफी. हे मला झोपेतही पाठ होते. पण माझ्या बोटांना संवेदना नव्हती. मी इंजिन बंद केले आणि म्हटले, दोन घोट घेऊन येते.

दोन घोटांचे दोन कप झाले. अर्ध्या तासाने बाहेर आले, तोटी उघडली, तर थेंब आला नाही. मला वाटले, पाणी आधीच निघून गेले, कोणीतरी काढले असेल. उणे चौतीसात तोटीतून पाणी येत नाही याचा अर्थ काय, हे पंपचालकाला न सुचावे? ते आत दगड झाले होते. बंबखान्यात परतल्यावर तोइवोने विचारले. सामानाची जबाबदारी त्या आठवड्यात त्याची होती.

"निचरा झाला का गं?"

"झाला."

त्याने माझ्या शब्दावर बोर्डावर स्वतःचे नाव लिहिले. रात्रभर शेगडीच्या उबेने पंपातला बर्फ वितळला आणि फरशीवर पाणी साचले. ते चाकांचे असेल असे सगळ्यांना वाटले. भेग कोणाला दिसली नाही.

सोमवारी सकाळी एइनो राउतिओचे घर पेटले. एइनोने ते स्वतःच्या हातांनी बांधले होते, एकेक ओंडका सोलून. मी नळी पाण्यात सोडली, पंप सुरू केला, आणि पंप भेगेतून नुसती हवा ओढत राहिला. तळे वीस पावलांवर होते. आम्ही अकरा जण बादल्या घेऊन धावलो. बावीस मिनिटांत छप्पर बसले. माणसे वाचली, एवढेच. एइनो मला म्हणाला, "तुझा काय दोष, पोरी, पंपच मेला." ते शब्द मला आजही ऐकू येतात. वसंतात तो बायकोला घेऊन गाव सोडून गेला आणि परत आला नाही.

चौकशीला माझा नवरा रेनोच बसला, कारण प्रमुख तोच. त्याने विचारले, "पंप कोणी कोरडा केला होता?" तोइवोने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या बुटांकडे पाहिले. मग तोइवो म्हणाला, "बोर्डावर नाव कोणाचं आहे? माझं. मग झालं तर." त्याने हेल्मेट टेबलावर ठेवले आणि पुन्हा कधी बंबावर चढला नाही.

मी का गप्प बसले तेही लिहिते, सबब म्हणून नव्हे. या कौंटीत पंप चालवणारी मी पहिली बाई. बाईमाणसाच्या हाती पंप दिला तर एक दिवस गाव जळेल, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे खरे होईल या भीतीने मी दुसऱ्याचे नाव खराब होऊ दिले. रेनो मरेपर्यंत मी त्यालाही सांगितले नाही. मला याची लाज वाटते. श्री. स्टेनस्रूड, त्या ओळीत माझे नाव लिहा. आणि लिहून झाल्यावर हेही लिहा, की त्याच बाईने त्यानंतर पंचवीस वर्षे पंप चालवला आणि कॉफीच्या आधी तोटी उघडायला एकदाही चुकली नाही. गावकी म्हणता ना, ती अशी शिकते.

कलम ५. श्री. ड्वाइट स्टेनस्रूड यांना मी अर्धा पौंड कॉफी देते, दळलेली. २०११ साली त्यांच्या केबिनचे धुराडे पेटले. भोंगा वाजल्यापासून नवव्या मिनिटाला आमचा बंब त्यांच्या दारात होता. आग विझली. चौदा माणसे भिजलेल्या कपड्यांनी अंगणात उभी होती, आणि साहेब आत जाऊन विमा कंपनीला फोन करत बसले. त्यांनी कॉफी विचारली नाही. अशी गोष्ट टॅमरॅक फोर्कमध्ये पूर्वी झालेली नव्हती. कदाचित घरात नसेल. आता असेल.

कलम ६. माझा भाचा केनेथ याला माझी बँकेतली शिल्लक, फोटोंचे अल्बम आणि रेनोची मासेमारीची होडी देते. केनेथ चांगला आहे, पण गेल्या ख्रिसमसला माझ्याच टेबलावर माझेच जेवण जेवताना म्हणाला, "मावशी, तळ्याकाठचं घर आहे, सोनं आहे सोनं. तू हो म्हण, मी गिऱ्हाईक आणतो." बाळा, गिऱ्हाईक मिळाले आहे. कलम ८ वाच.

कलम ७. माझे हेल्मेट ब्रिटाला. माझी चाळीस कपांची किटली बंबखान्याच्या स्वयंपाकघराला. तिचे झाकण बसत नाही, ते तसेच बसत नाही असे ठेवावे. वर्षातून एकदा बंबासाठी पैसे जमवायला आपण जे जेवण घालतो, त्यातल्या माशाच्या रश्श्याची कृती किटलीत आहे. त्यात दूध घालायचे, साय नाही. साय कोण घालते ते मला माहीत आहे. तळ्याकाठची सौना रेनोने बांधली, ती सर्व स्वयंसेवकांची. आगीवरून आल्यावर काजळी धुवायला दुसरी जागा नाही.

कलम ८. माझे राहते घर. दोन मजली, लाकडी, १९६१ साली बांधलेले, सुस्थितीत.

हे घर विकू नये, भाड्याने देऊ नये, माझी आठवण म्हणून राखू नये. ते जाळावे. नव्या माणसांना आग शिकवायला आपण पडकी घरे मागून आणतो, आणि पडक्या घरात आग खरी वागत नाही. हे चांगले घर आहे, ते चांगले जळेल. ब्रिटाने परवानगी काढावी, काचा आणि छपरावरचे डांबरी कागद आधी उतरवावेत. स्वयंपाकघरातून सुरुवात करावी, कारण आगी तिथूनच सुरू होतात. एकेका खोलीत पेटवावी, विझवावी, पुन्हा पेटवावी. जिन्याची सहावी पायरी कच्ची आहे. ती नव्या माणसांना सांगू नये. अंधारात धुरात पाय कसा टाकायचा ते त्या पायरीकडून शिकावे. सगळ्यांचे शिकून झाले की शेवटी घर पूर्ण जाऊ द्यावे.

माझ्या दोन कप कॉफीपायी या गावातले एक घर गेले. मी या गावाला एक घर देणे लागते. हे ते.

त्या दिवशी तळ्यातून पाणी ओढायला पंपावर तोइवो मॅकेला यांनी उभे राहावे. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. मी त्यांना काही देत नाही. ती जागा त्यांचीच आहे.

आग विझल्यावर पंप कोरडा करावा. बोर्डावर नाव लिहावे. मग कॉफी. ज्याच्याकडची आग, त्याची कॉफी, या न्यायाने ती माझ्याकडून.

हे मी वाचून, समजून, शुद्धीत आणि रागात लिहिले आहे. दोन्ही एका वेळी असता येतात.

ठिकाण: टॅमरॅक फोर्क, बंबखान्याचे स्वयंपाकघर
दिनांक: १० ऑक्टोबर २०१९

(सही) लेम्पी सारेला

साक्षीदार १: (सही) एल्मा कोस्की, पोस्टमास्तरीण. माझ्यासमोर सही झाली. रश्श्यात साय मी घालते आणि घालत राहीन.

साक्षीदार २: (सही) तोइवो मॅकेला, निवृत्त लाकूडतोड्या. माझ्यासमोर सही झाली. सोमवारी लेम्पीचा फोन आला, मृत्युपत्रावर सही करायला ये म्हणून. मी विचारले, "मरतेस का काय?" ती म्हणाली, "नाही, भांडतेय." म्हणून आलो. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात, पण तिने कलम ४ समोर धरले आणि वाचल्याशिवाय पेन देईना. त्यातले सगळे खरे आहे. पंप मेला त्याच दिवशी मला कळले होते. फरशीवरचे पाणी मी पुसले होते आणि ते चाकांखाली नव्हते, पंपाखाली होते. मीही बोललो नाही, तेव्हा त्या ओळीत दोन नावे लिहा. तिला पंपावरून उतरवले असते, तर आमच्यात पंप चालवायला दुसरे होते कोण?

मंगळवारी मी पुढच्या रांगेत बसणार आहे. घर जाळायच्या दिवशी पंपावर येईन, पण लेम्पीने तोवर मरायची काही गरज नाही. घर उन्हाळ्यात जाळू. ती माझ्याकडे राहील. मला रस्सा साय घातलेलाच आवडतो, हे तिने आधी ऐकून ठेवावे.